शिवधनुष्य पेलण्याआधी

एम-थ्री सुटला की आपण म्हणतो, “शिवधनुष्य पेललं बुवा एकदाचं!” सबमिशन वेळेत झालं तरी तेच म्हणतो. मी मात्र हा वाक्प्रचार हल्ली जरा जपूनच वापरते. कारण मी खरोखरच एक न पेलणारं धनुष्य घेऊन बसले होते, आणि त्यापायी सेकंड इयरची अख्खी एक टर्म मला उजवा हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता.

मासिकासाठी काहीतरी लिही म्हणून संपादक मंडळातली मैत्रीण मागे लागली, तेव्हा ठरवलं की याच विषयावर लिहायचं. कॉलेजच्या स्पोर्ट्स डे नंतर निदान दहा-बारा जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय : “अगं, धनुष्य घ्यायचं तर लाकडी, ऑर्डर देऊन बनवलेलं घ्यावं, की ते धातूचं, सुटे भाग बदलता येणारं?” दर वेळी कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या अर्धंच उत्तर दिलं गेलं. म्हणून हे पूर्ण उत्तर. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठी आठवड्यातून चार तास; तेव्हा शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी!

आधी थोडी ओळख

ज्या धनुष्याची टोकं नेम धरणाऱ्यापासून दूर, पुढच्या बाजूला वळलेली असतात त्याला रिकर्व्ह म्हणतात. ऑलिम्पिकमध्ये १९७२ च्या म्युनिक स्पर्धेपासून तिरंदाजी पुन्हा सुरू झाली, ती याच धनुष्याने खेळली जाते. कप्प्या लावलेलं कंपाउंड धनुष्य वेगळं. बर्लिनला ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले, ते कंपाउंडमध्ये. आणि त्याच वर्षी साताऱ्याच्याच पार्थ साळुंखेने युवा गटाचं जागतिक विजेतेपद मिळवलं, ते रिकर्व्हमध्ये. या लेखात फक्त रिकर्व्हबद्दल बोलू या.

रिकर्व्हचे मुख्य भाग तीन. मधला मुठीचा भाग म्हणजे रायझर. त्याला वर आणि खाली जोडलेली दोन पाती. आणि दोरी, म्हणजे पुराणातली प्रत्यंचा. ताकद साठते ती पात्यांमध्ये. रायझर फक्त त्यांना धरून ठेवतो. हे एकदा पक्कं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

ऑर्डर देऊन बनवलेलं लाकडी रिकर्व्ह बहुधा एकसंध असतं. रायझर अक्रोड किंवा तत्सम कठीण लाकडाचा, पात्यांच्या पोटात मेपलसारख्या लाकडाच्या किंवा बांबूच्या पातळ पट्ट्या, आणि दोन्ही अंगांना फायबरग्लासचा थर. तुमची उंची, ओढ, हाताचा पंजा सांगायचा आणि कारागीर त्या मापाने घडवणार. दुसऱ्या प्रकारात रायझर ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सी.एन.सी. मशिनवर कोरलेला असतो आणि पाती वेगळी मिळतात. ती बसवण्याची एक ठरलेली पद्धत आहे, तिला आय.एल.एफ. म्हणतात. एका कंपनीचा रायझर आणि दुसऱ्या कंपनीची पाती बिनधास्त एकमेकांना बसतात, आपल्या नट-बोल्टच्या स्टँडर्डसारखीच.

आपल्याकडचं लाकडी धनुष्य

लाकडी म्हणजे जुनाट आणि धातूचं म्हणजे आधुनिक, असा एक समज आहे. तो तितकासा खरा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यासाठी चार वस्तू सांगितल्या आहेत : ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी रुई, ताग, स्नायू अशी यादी वेगळी. म्हणजे मटेरिअल सिलेक्शन हा विषय आपल्याकडे तेव्हापासून आहे! शिंग पोटाला आणि स्नायू पाठीला चिकटवून केलेली धनुष्यं आशियाभर शेकडो वर्षं वापरात होती. त्याचं कारण सेकंड इयरला एस.ओ.एम. शिकलेल्या कुणालाही सांगता येईल. धनुष्य वाकलं की नेम धरणाऱ्याकडच्या अंगावर दाब येतो आणि पलीकडच्या अंगावर ताण. शिंग दाब उत्तम सोसतं, स्नायू ताण उत्तम सोसतो. नुसतं लाकूड दाबाच्या बाबतीत कच्चं, ताणाला ते जेवढं टिकतं त्याच्या साधारण निम्म्यावर दाबाला हार मानतं. आज शिंग आणि स्नायूंची जागा फायबरग्लासने घेतली, एवढाच फरक.

सातपुड्यातल्या भिल्लांचं बांबूचं धनुष्य तर अजून आहे. त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट सालीची असते. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार आहे. त्यात साधं बांबूचं-लाकडाचं धनुष्य, साईट वगैरे काही नाही, आणि अंतरं ५० व ३० मीटर. बहुतेक मुलं सुरुवात इथूनच करतात. मीही आठवीत शाळेच्या ग्राउंडवर असंच एक धनुष्य पहिल्यांदा हातात घेतलं. राजस्थानचे लिंबाराम बांबूच्या धनुष्यावरून तीन ऑलिम्पिकपर्यंत गेले. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, सैन्यात गेला आणि टोकियोला भारतीय संघातून खेळला. आणि आपल्या पुण्यातच आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, २००१ साली सुरू झालेली, जिथे देशातले अव्वल तिरंदाज सराव करतात. तेव्हा पुण्यात राहून या खेळाची चौकशी न करणं म्हणजे जरा अतीच झालं!

माझी चूक

आता मुद्द्याचं. बारावीच्या निकालानंतर आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मला बक्षीस म्हणून धनुष्य घेऊन द्यायचं ठरवलं. आबा भोसरीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं पॅटर्नमेकर होते. सागवानाचे पॅटर्न करायचे, ओतलेलं बीड थंड होताना किती आकसेल त्याचा हिशेब धरून. त्यामुळे लाकूड म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. त्यांनी रिकरिंगचे पैसे मोडले आणि म्हणाले, “घ्यायचं तर लाकडाचंच घे. ॲल्युमिनियमची खिडकी असते, धनुष्य नव्हे.”

एका विक्रेत्याकडे फॉर्म भरला. त्यात ‘ओढ’ लिहायची होती. मी २८ इंच लिहिलं, कारण नमुन्याच्या फॉर्मवर २८ होतं. ‘वजन’ लिहायचं होतं. मी ४५ पाउंड लिहिलं, कारण बरोबरच्या मुलाने ४५ सांगितलं होतं आणि मी काय कमी आहे? तिकडूनही कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. चार महिन्यांनी धनुष्य आलं. काय सुंदर होतं! अक्रोडाचा रायझर, त्यावरचे रेषांचे तवंग, मुठीला हात लावला की सोडवत नव्हता. आबा अर्धा तास नुसते बोटं फिरवत बसले होते.

ते पूर्ण ओढायला मला पाठीची कमान करावी लागायची. दहा बाण मारले की मान आखडायची. पण आबांच्या तोंडावरचा आनंद बघून सांगायचा धीर झाला नाही. “मस्त आहे आबा, एकदम हलकं,” असं मी म्हणत राहिले. जानेवारीत एक दिवस बाण सोडताना खांद्यात कळ आली आणि संध्याकाळी केस विंचरता येईनात. डॉक्टरांनी सांगितलं, खांद्यातल्या स्नायुबंधाला इजा झाली आहे. मग फिजिओथेरपी, रबरी पट्ट्या, आणि ड्रॉइंग शीट डाव्या हाताने धरून उजव्याने कोपरापासून काढणं. घरी मी सांगितलं, बस मध्ये खांबाला आपटले.

चूक नेमकी कुठे झाली, ते नंतर आकडेमोड केल्यावर कळलं. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजायचं आणि त्याला २.५ ने भागायचं, की ओढीचा ढोबळ अंदाज येतो. माझं अंतर १६० सेंटिमीटर. भागाकार ६४, म्हणजे जेमतेम २५ इंच. सरांनी प्रत्यक्ष मोजली तेव्हा २६ भरली. धनुष्यावर लिहिलेलं वजन मात्र २८ इंच ओढीला मोजलेलं असतं, आणि साधारणपणे दर इंचाला दोनेक पाउंड कमी-जास्त होतात. म्हणजे माझ्या बोटांवर ४५ नाही, तरी ४१ पाउंड येत होते. ४१ पाउंड म्हणजे साडेअठरा किलो. सरावाला १०० बाण धरले तर दर संध्याकाळी मी १,८५० किलोच्या आसपास वजन ओढत होते, तेही तिरक्या अंगाने. नवशिक्या माणसाने २० ते २४ पाउंडांपासून सुरुवात करावी, असं कुठलाही प्रशिक्षक सांगेल. मी दुपटीवर उडी मारली होती.

आणि इथेच एकसंध लाकडी धनुष्याची खरी मर्यादा कळते. वजन चुकलं की उपाय नाही. कारागीर घासून दोन-चार पाउंड उतरवू शकतो, वीस नाही. आणि उतरवलेलं परत चढवता तर येतच नाही.

साडेचार मिलिमीटरची गोष्ट

आता थोडं गणित. घाबरू नका, एम-थ्री लागणार नाही, अकरावीचं फिजिक्स पुरेल.

समजा बोटांवर २८ पाउंड येतात, म्हणजे सुमारे १२५ न्यूटन. ओढ २६ इंच, आणि सैल असताना दोरी मुठीपासून ८ इंचांवर. म्हणजे दोरी प्रत्यक्षात १८ इंच, सुमारे ४६ सेंटिमीटर, बाणाला ढकलते. बल आणि अंतर यांच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे साठलेली ऊर्जा. तो आलेख सरळ रेषा धरला तर २८ ज्यूल येतात. रिकर्व्हच्या वळणामुळे रेषा सुरुवातीला जरा फुगते, म्हणून ३० धरू. त्यातले ७० टक्के बाणाला मिळाले तर २१ ज्यूल. बाण १८ ग्रॅमचा असेल तर वेग येतो सेकंदाला सुमारे ४८ मीटर.

ऑलिम्पिकचं अंतर ७० मीटर. हवेचा अडथळा सोडून दिला तर बाणाला तिथे पोचायला जवळजवळ दीड सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात तो सोडलेल्या रेषेच्या जवळपास साडेदहा मीटर खाली येतो. हो, साडेदहा मीटर! तीन मजली इमारतीएवढा. साईट लावून आपण तेवढंच वर मारतो म्हणून ते दिसत नाही.

आता खरी गंमत. वेग फक्त १ टक्का कमी झाला तर पडण्याचं अंतर २ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे बाण २१ सेंटिमीटर खाली लागतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे १२.२ सेंटिमीटर. म्हणजे दहाचा बाण थेट सात-आठच्या पट्ट्यात जातो. आणि वेग १ टक्का कमी व्हायला काय लागतं? साठलेली ऊर्जा ओढीच्या वर्गाच्या प्रमाणात, वेग ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे वेग सरळ ओढीच्या प्रमाणात. ४६ सेंटिमीटरचा १ टक्का म्हणजे साडेचार मिलिमीटर. तुम्ही फक्त साडेचार मिलिमीटर कमी ओढलंत, की संपलं!

हेच गणित १८ मीटरला करून बघा. बाण पडतो सुमारे ७० सेंटिमीटर, त्याचे २ टक्के म्हणजे दीड सेंटिमीटरसुद्धा नाही. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

माझ्या मते लाकडी की धातूचं या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दोन आकड्यांत आहे. २१ सेंटिमीटर आणि दीड सेंटिमीटर. तुम्ही कुठे उभं राहून खेळणार, ते आधी ठरवा.

धातूचा रायझर काय देतो

पहिलं म्हणजे क्लिकर. रायझरवर एक पातळ पट्टी असते, बाण तिच्या खालून मागे येतो. बाण ठरलेल्या जागी आला की पट्टी ‘टक’ करून सुटते आणि तो आवाज आला की सोडायचं. साडेचार मिलिमीटरवरचा हा इलाज आहे. धातूच्या रायझरवर क्लिकर, साईट, प्लंजर, स्टॅबिलायझर या सगळ्यांसाठी आटे पाडलेली भोकं तयार असतात. एकसंध लाकडी धनुष्यावर ती मुद्दाम सांगून करून घ्यावी लागतात.

दुसरं, पात्यांचे बोल्ट. ते आत-बाहेर करून वजन पाच ते दहा टक्के हलवता येतं, आणि वरच्या-खालच्या पात्याचा समतोलही साधता येतो. पातं किंचित वाकडं बसत असेल तर बऱ्याच रायझरवर ते सरळ करायची सोय असते.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पाती बदलता येतात. आज २० पाउंडांची, सहा महिन्यांनी २४ ची, पुढच्या वर्षी २८ ची. रायझर तोच. जुनी पाती क्लबमधल्या नव्या मुलाला विकता येतात. लांबीही बदलते : २५ इंची रायझरला आखूड पाती लावली की ६६ इंची धनुष्य होतं, मध्यम लावली की ६८, लांब लावली की ७०. वाढत्या वयाच्या मुलांसाठी तर दुसरा विचारच करू नये.

चौथं, खिडकी. म्हणजे बाण आणि नजर जाण्यासाठी रायझरला पाडलेली खाच. बाण मधल्या रेषेतून जावा म्हणून ती रेषेच्या बरीच पलीकडे कापावी लागते. लाकूड इतकं कापलं की तिथेच कमजोर पडतं, ॲल्युमिनियम सहज निभावतं.

उणी बाजूही सांगते. धातू कंप सहज जिरवत नाही. बाण सुटल्यावर हातात जी झिणझिण येते, तिच्यासाठी रबरी डॅम्पर लावावे लागतात. नुसता रायझरच सव्वा किलोपर्यंत जातो, वर स्टॅबिलायझर. डिसेंबरच्या सकाळी सात वाजता तो रायझर हातात घेऊन बघा, बोटं गोठतात! आणि स्क्रू इतके, की काही मुलं बाण कमी मारतात आणि ॲलन की जास्त फिरवतात. धनुष्य रोज बदलत राहिलं तर चूक आपली की त्याची, हे कधीच कळत नाही.

लाकडी धनुष्य काय देतं

ताकदीच्या बाबतीत लाकूड गरीब आहे असं समजू नका. मेपलचा लवचिकतेचा अंक १२-१३ गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा ७०. ऐकायला फार फरक वाटतो. पण मेपलची घनता घनमीटरला ७०० किलो आणि ॲल्युमिनियमची २,७००. भागाकार केला तर १८ आणि २६. म्हणजे वजनाच्या मानाने लाकूड फार मागे नाही, फक्त ते जाड ठेवावं लागतं. आणि कंप जिरवण्यात ते धातूच्या कितीतरी पुढे आहे. लाकडी धनुष्यातून बाण सुटतो तो आवाजच वेगळा, खोल आणि मऊ.

दुसरी गोष्ट मुठीची. धनुष्य मुठीत पकडायचं नसतं, तळव्यावर टेकवायचं असतं. तळव्याची जागा रोज तीच आली पाहिजे. तुमच्या हाताच्या मापाने घडवलेली मूठ ती जागा आपोआप सापडवून देते. धातूच्या रायझरवर मोठमोठे खेळाडूसुद्धा मुठीला एम-सीलसारखी पुट्टी थापून, घासून, आपल्या हाताचा आकार देतात. म्हणजे शेवटी तेही ‘कस्टम’च!

डावखुऱ्यांचा प्रश्नही मोठा आहे. दोन्ही हातांच्या बोटांचा त्रिकोण करून लांबचा एखादा खांब त्यात पकडा आणि एकेक डोळा मिटून बघा. ज्या डोळ्याने खांब जागेवर राहतो तो तुमचा प्रमुख डोळा. तो डावा निघाला तर डाव्या हाताने ओढायचं धनुष्य लागतं. अशी तयार धनुष्यं दुकानात कमी असतात. कारागिराला मात्र डावं-उजवं सारखंच.

काळजी मात्र जास्त घ्यावी लागते. आबांचं एक वाक्य आहे : “लाकूड पावसाळ्यात एक माप सांगतं आणि उन्हाळ्यात दुसरं.” नुसतं लाकडाचं किंवा बांबूचं धनुष्य जुलै-ऑगस्टच्या ओलाव्यात मऊ पडतं, बाण खाली जायला लागतात. फायबरग्लास आणि चांगलं वॉर्निश असेल तर हा त्रास बराच कमी. पण उष्णतेचं काय? एप्रिलच्या दुपारी बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या धनुष्याचे थर सुटू शकतात, कारण गोंद शेवटी गोंद आहे. टोकावर उभं करून कोपऱ्यात टेकवून ठेवू नये, पातं पिळवटतं. दोरी चढवताना पायात अडकवून जोर न लावता स्ट्रिंगर वापरावा. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नये, हे तर दोन्ही प्रकारांना लागू. बाणाला जायची ऊर्जा मग पात्यांतच फिरते आणि धनुष्य फुटतं.

मग घ्यायचं कोणतं?

थोडक्यात सांगते.

१) आधी स्वतःला मोजा. ओढ, प्रमुख डोळा, आणि पेलणारं वजन. वजनाची सोपी परीक्षा : क्लबचं धनुष्य पूर्ण ओढून ३० सेकंद धरा. हात थरथरला किंवा खांदा कानाकडे चढला तर ते तुमचं नाही. मग दोरी हळूहळू परत न्या, सोडू नका.

२) पहिलं वर्ष विकत काही घेऊच नका. क्लबमधलं वापरा. या वर्षात तुमची ओढ इंचभर तरी बदलते, कारण शरीर हळूहळू नीट उभं राहायला शिकतं.

३) स्पर्धा खेळायची असेल, ७० मीटरचं स्वप्न असेल, तर धातूचा रायझर. पैसे रायझरवर घाला आणि पाती हलकी व स्वस्त घ्या, कारण ती बदलणारच आहेत.

४) स्पर्धा नको, शनिवार-रविवारी १८-२० मीटरवर मनासारखे शंभर बाण मारायचे आहेत, माप आणि वजन आता पक्कं ठरलंय, तर लाकडी धनुष्य खुशाल ऑर्डर करा. त्याचा आनंद धातूला नाही.

५) मधला मार्गही आहे. लाकडी रायझर आणि बोल्टने लावायची पाती, असं धनुष्य बहुतेक क्लबमध्ये शिकायला ठेवलेलं असतं. पाती त्याच मॉडेलची लागतात, पण बदलता येतात.

६) सगळे पैसे धनुष्यावर उडवू नका. बाण, बोटाचं टॅब, हाताचं गार्ड यांसाठी एक तृतीयांश तरी बाजूला ठेवा. बाणाचा ताठपणा, ज्याला स्पाइन म्हणतात, तो धनुष्याच्या वजनाशी जुळला नाही तर कितीही महाग धनुष्य असो, बाण तिरपेच जाणार.

आणि शेवटी आबा

खांदा बरा झाला तरी मी धनुष्याला हात लावत नव्हते. आबा रोज विचारायचे, “काय गं, आज नाही गेलीस?” मी म्हणायची, “सबमिशन आहे.” शेवटी गेल्या दिवाळीत, फराळाचे डबे भरता भरता मी त्यांना सगळं सांगून टाकलं. खांब, बस, डॉक्टर, सगळं. मला वाटलं, रिकरिंगचे पैसे गेले म्हणून वाईट वाटेल त्यांना. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोरी, लाकडाचा यात काय दोष? माप कुणी घेतलं होतं?”

“कुणीच नाही,” मी म्हटलं.

“तीस वर्षं मी मापाशिवाय रंधा हातात धरला नाही. आणि तू माझ्याच घरात...” एवढं बोलून ते उठून गेले. ते रागावले नव्हते, पण ते मला रागापेक्षा जास्त लागलं.

ते धनुष्य मी क्लबमधल्या एका सीनियर दादाला दिलं. त्याची ओढ बरोबर २८ आहे आणि तो आठ वर्षं खेळतोय. त्याच्या हातात ते असं काही चालतं, की बघत राहावं. मला तेव्हा पटलं, की धनुष्य चांगलंच होतं. फक्त ते माझं नव्हतं.

त्याने दिलेले पैसे आबांना परत करायला गेले, तर त्यांनी घेतले नाहीत. मग ते आणि चाकणच्या इंटर्नशिपचा स्टायपेंड मिळून मी २५ इंची धातूचा रायझर घेतला आणि २० पाउंडांची आखूड पाती. पहिल्या दिवशी क्लबमधली लहान मुलं हसली, “ताई, तुझ्यापेक्षा आमचं जड!” हसू देत. मी ६० बाण मारले आणि रात्री केस विंचरले, दोन्ही हातांनी. आता २४ ची पाती लावली आहेत. ७० मीटर अजून लांब आहे. सध्या ३० वर खेळते.

रायझर घरी आणला तेव्हा आबांनी तो उलटसुलट करून बघितला. मशिनिंग छान आहे म्हणाले, पण मूठ हातात धरल्यावर तोंड वाकडं केलं. “हे प्लॅस्टिक कशाला?” मूठ सुटी निघते हे मी त्यांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते टिंबर मार्केटमधून शिसवीचा एक तुकडा घेऊन आले. कागदावर माझा तळवा ठेवून पेन्सिलीने आखला. अंगठ्यापासून जीवनरेषेपर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजलं, तीन वेळा. आणि मग म्हणाले, “आता सांग, कुठे टोचतंय? खरं सांग.”

मी खरं सांगितलं. चार वेळा घासून झाल्यावर ती मूठ बसली.

— टी. ई. मेकॅनिकल